चोर्ल्याची चढण आणि टर्बो

अनगोळहून गोव्याला निघालात, की चोर्ल्याच्या घाटात गाडीचा खरा स्वभाव कळतो. २०२४च्या स्विफ्टचं साधं १.२ लिटरचं इंजिन जेमतेम ११२ न्यूटन-मीटर टॉर्क देतं, तोही मिनिटाला ४३०० फेऱ्यांच्या आसपास. म्हणून वळणावर गिअर उतरवावाच लागतो. आय-ट्वेंटी एन लाइनचं टर्बो इंजिन लिटरभराचंच, पण १५०० फेऱ्यांपासून १७२. मजा तिथंच! मात्र सायलेन्सरकडे जाणाऱ्या तापलेल्या वायूवर फिरणारं टर्बोचं चाक मिनिटाला लाखाहून जास्त गरके घेतं, तेही ऑइलच्या पातळ थरावर. ऑइल बदलायला चालढकल केली, की बेअरिंगचं आयुष्य घटलंच. रोज अनगोळ ते उद्यमबाग एवढीच धाव असेल, तर मी स्विफ्टच सांगेन. घाटाचा नाद असेल तर टर्बो घ्या. फक्त चढण संपताच थांबलात, तर इंजिन मिनिटभर चालू ठेवून मगच बंद करा.