फारुकींची वही

आमच्या रावेर-यावल पट्ट्यात भाट आला की ओसरीवर घोंगडी अंथरली जायची. लाल कापडात बांधलेली लांबट वही तो सोडायचा आणि ठेक्यात नावे म्हणायला लागायचा. अमक्याचा अमका, त्याचा तमका. पाच-सात पिढ्या मागे गेल्या की गुजरातेतल्या एखाद्या गावाचे नाव यायचे आणि ऐकणाऱ्या म्हाताऱ्यांचे चेहरे उजळायचे. आपण इथले, पण तिथून आलेलो, हे आम्हाला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होते. एकदा आजीने विचारले, "ह्या वहीत माझं नाव कुठंय?" भाटाने मान हलवली. वहीत बापाखाली मुलगा येतो.

बाहेरून आलेल्या घराण्यांचे वेड मला तेव्हापासून लागले. पुढे थाळनेर पाहिले आणि त्या वेडाला एक ठिकाण मिळाले. शिरपूर तालुक्यातले, तापीच्या उत्तर काठावरचे हे गाव. गावाजवळ शेताच्या कडेला फारुकींच्या घुमटांचा समूह उभा आहे. त्यांतला एक अष्टकोनी असून त्याच्या दगडावरचे नक्षीकाम पाहत तास कधी जातो ते कळत नाही. खानदेशावर दोन शतके राज्य केलेल्या घराण्याचे पहिले राजे इथे मातीत आहेत. आपल्याकडे शिवकालाच्या अलीकडे-पलीकडे फारसे कोणी बघत नाही, म्हणून धुळ्या-जळगावची माणसेही या घुमटांवरून 'कुणीतरी पीर असेल' म्हणत पुढे जातात. मला याचे फार वाईट वाटते.

घराण्याचा मूळ पुरुष मलिक राजा. दिल्लीच्या सुलतानांच्या पदरी असलेल्या सरदारांचे हे कूळ स्वतःला खलिफा उमर अल-फारुक यांचे वंशज म्हणवी, आडनाव त्यावरूनच. तवारीखकार फिरिश्त्याने ती सगळी परंपरा थेट खलिफापर्यंत नेऊन दिली आहे. शिकारीत वाट चुकलेल्या, भुकेल्या फिरोजशहा तुघलकाला मलिक राजाने खाऊ घातले आणि बक्षीस म्हणून १३७० मध्ये थाळनेरची जहागीर मिळवली, अशी कथा तोच सांगतो. भुकेल्या राजाला शिदोरी देणारा मूळ पुरुष किती घराण्यांच्या कथांत भेटतो, म्हणून कथेवर मी फार भार ठेवत नाही. जहागीर मात्र खरी. १३८२ च्या सुमारास मलिक राजा स्वतंत्र झाला आणि १३९९ मध्ये वारला.

पुढचे राजे भराभर सांगतो. मलिक राजाने थोरल्या नसीरखानाला धुळ्याजवळचा लळिंग दिला, धाकट्या इफ्तिखारला थाळनेर. थोरल्याला ते पटले नाही. त्याने असीरगड घेतला, बऱ्हाणपूर वसवले, आणि १४१७ मध्ये माळव्याची मदत आणून सख्ख्या भावाचे थाळनेरही बळकावले. धाकट्याला शेवटी गुजरातेत आसरा घ्यावा लागला. नसीरखान १४३७ मध्ये बहमनी फौजेकडून मार खाऊन लळिंगला आला आणि तिथेच संपला. आग्रा रोडने जाताना लळिंगचा डोंगर दिसला की मला हा हरलेला म्हातारा आठवतो. त्याच्यामागून मीरान आदिलखान, मुबारकखान, मग दुसरा आदिलखान. या शेवटच्याचा काळ, १४५७ ते १५०१, खानदेशाच्या भरभराटीचा. त्यानंतर दाऊदखान.

इथून मात्र सावकाश जायला हवे.

१५०८ मध्ये दाऊदखान वारला. त्याच्या मुलाला, गझनीखानाला, गादीवर बसून काही दिवस होतात न होतात तोच विष घालून मारण्यात आले. थेट वारस उरला नाही. मग दोन उमेदवार पुढे आले आणि दोघांचेही नाव आलमखान! एकाच्या पाठीशी अहमदनगरचा निजामशहा, दुसऱ्याच्या पाठीशी गुजरातचा महमूद बेगडा. बेगडा स्वतः फौज घेऊन थाळनेरला आला आणि १५०९ मध्ये त्याने आपल्या माणसाला तिथेच 'आदिलखान' म्हणून गादीवर बसवले. हा तिसरा आदिलखान बेगड्याच्या मुलीचा मुलगा होता. खानदेशची गादी त्याला मिळाली ती आजोबांच्या तलवारीने, म्हणजे आईच्या नात्याने.

पण बापाकडून तो फारुकी कसा लागत होता? तो आधीच्या कोणत्याही राजाचा मुलगा नव्हता. इतिहासकारांची याबाबत दोन मते आहेत. एका मताने तो नसीरखानाच्याच, पण गादीवर न बसलेल्या शाखेतला. दुसऱ्या मताने तो हाकलून दिलेल्या धाकट्या भावाचा, गुजरातेत वाढलेल्या शाखेचा वंशज. दुसरे मत नाटकाला जास्त शोभते: शंभर वर्षांनी धाकट्याचे रक्त त्याच थाळनेरात राजा होऊन परत येते. मलाही ते बरीच वर्षे खरे वाटत होते. एका दगडाने माझे मत बदलले.

बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी लेख आहे, अकबराचा फारसी लेखही आहे. त्यांच्या सोबतीला देवनागरी लिपीतला एक संस्कृत लेख आहे. कटनीचे रायबहादूर हिरालाल यांनी तो एपिग्राफिया इंडिकाच्या नवव्या खंडात छापला. मशीद बांधणाऱ्या राजा अलीखानाने, म्हणजे तिसऱ्या आदिलखानाच्या नातवाने, चौथ्या आदिलशहाने, तो कोरवला. सुरुवात सृष्टिकर्त्याला नमस्काराने. मग अव्यक्त, व्यापक, निर्गुण अशा ईश्वराचे स्तवन. मग चंद्र-सूर्य-तारे असेतो हा फारुकी वंश पृथ्वीवर नांदो, असे मागणे. शेवटी मिती, आणि ती अशी की आपल्याकडच्या जोशीबुवांनी पंचांग उघडून सांगावी: संवत १६४६, शके १५११, विरोधी संवत्सर, पौष शुद्ध दशमी संपून एकादशी, सोमवार, कृत्तिका जाऊन रोहिणी लागलेली, योग, करण, घटिका सगळे. इंग्रजी तारीख ५ जानेवारी १५९०.

मधल्या श्लोकांत वंशावळ आहे. राजा मलिक, त्याचा मुलगा गजनी, त्याचा केसरखान, त्याचा हसन, त्याचा एदलशाह, त्याचा मुबारख, त्याचा एदलशाह, म्हणजे स्वतः मशीद बांधणारा. अरबी-फारसी नावे संस्कृत छंदात बसताना अशी मऊ होतात. ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी बोटांवर मोजत बसलो. पहिला मीरान आदिल कुठे आहे? थाळनेरचा मुबारक? चव्वेचाळीस वर्षे राज्य केलेला दुसरा आदिलखान? दाऊद? एकही नाही. उलट केसरखान आणि हसन, ज्यांना गादीच्या कोणत्याही यादीत जागा नाही, ते दिमाखात उभे आहेत. हसनला तर कवीने राजाच म्हटले आहे. केसरखानाला मात्र नुसते वीर.

ही गादीची यादी नव्हेच. ही भाटाची वही आहे. बापाखाली मुलगा. कोण सिंहासनावर बसला याच्याशी तिला कर्तव्य नाही. कोण कोणाच्या पोटी आला एवढेच ती सांगते. राजा अलीखानाने आपले खरे पूर्वज कोरवले, गादीवरचे चुलते-मालते गाळले. स्वतःच्या आधी गादीवर बसलेला त्याचा सख्खा भाऊ मुहंमदशाह, तोही नाही. या प्रामाणिकपणासाठी मला हा दगड दरबारी तवारिखांपेक्षा मोलाचा वाटतो.

आणि वादाचे काय? मलिक राजाच्या खाली दगडावर नाव आहे गजनीचे, इफ्तिखारचे नाही. गजनी हे नसीरखानाचेच दुसरे नाव धरले तर सगळे सरळ जुळते: नसीर, त्याचा केसर, त्याचा हसन, त्याचा तिसरा आदिल. एखादा वंशज खापरपणजोबाचे नाव विसरेल, पण पाच पिढ्यांमागच्या दोन भावांमधले वैर ज्या घराने पाहिले, ते आपण कोणत्या भावाचे हे विसरत नाही. म्हणून मी आता थोरल्याच्या बाजूचा आहे.

दगडात जे नाही तेही सांगायला हवे. खलिफा उमर यांचे नाव नाही. फारुकी वंश म्हटले आणि त्या वंशातल्या राजा मलिकपासूनच मोजायला सुरुवात केली. सव्वादोनशे वर्षे तापीचे पाणी प्यायल्यावर या कुळाला मूळ पुरुष म्हणून थाळनेरचा माणूस पुरेसा वाटला, असा मी त्याचा अर्थ लावतो. आणि दगडावर एकही बाई नाही. बेगड्याची मुलगी नसती तर तिसरा आदिल थाळनेरच्या गादीवर आला नसता, मुबारख राजा झाला नसता, ही मशीदही झाली नसती. तरी तिचे नाव नाही. माझ्या आजीचा प्रश्न या दगडालाही विचारता येतो.

राजा अलीखान १५९७ मध्ये गोदावरीकाठी सोनपेठजवळ अकबराच्या बाजूने लढताना पडला. गोंधळात तो शत्रूला मिळाला असे समजून मोगलांनी त्याचाच तळ लुटला. नंतर रणात त्याचे प्रेत सापडले. मुलगा बहादूरखान मग अकबराशी कधीच मोकळा झाला नाही. जानेवारी १६०१ मध्ये असीरगड पडला, बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली आणि खानदेशाला काही काळ शाहजादा दानियालवरून 'दानदेश' म्हणू लागले. चंद्र-सूर्यांची मुदत मागितल्याला अकरा वर्षे झाली होती.

धुळ्याला इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाने १९२७ पासून संशोधन मंडळ चालू आहे, जळगावला विद्यापीठ आहे. माझी दोघांकडे एकच मागणी आहे. या संस्कृत लेखाचा मराठी अनुवाद करून तो थाळनेरच्या घुमटांपाशी फलकावर लावावा, आणि शिरपूर-चोपड्याच्या शाळांनी मुलांना तिथे नेऊन सातही नावे मोठ्याने वाचून घ्यावीत. फलकावर एक ओळ जास्तीची असावी: तिसऱ्या आदिलची आई, महमूद बेगड्याची मुलगी.