आवरायला घेताना आजीला खुर्ची द्या

गेल्या दिवाळीआधीच्या एका रविवारी मी आमचा माळा रिकामा केला. सकाळी नऊला शिडी लावली आणि दुपारी दोनपर्यंत कबाडीवाला हातगाडी भरून घेऊन गेला. खोली मोकळी, डोकं मोकळं! संध्याकाळी चहा घेताना आजी म्हणाली, "अरे, त्या 'स्त्री'च्या अंकांचा गठ्ठा कुठे ठेवलास?"

तो गठ्ठा मी किलोवर दिला होता. दुसऱ्या दिवशी गोदामात गेलो तर सगळा कागद दाबून ट्रकमध्ये चढला होता. 'स्त्री' मासिक १९३० साली सुरू झालेलं. त्यातले जुने अंक शोधले तर एखाद्या ग्रंथालयात मिळतीलही. पण आमच्या अंकांच्या समासात आजीच्या पेन्सिलीच्या नोंदी होत्या: बाबांचं पहिलं पाऊल, क्वार्टरला नळ आला तो दिवस, उसने आणलेले पंधरा रुपये. आजी रागावली नाही. "जाऊ दे" म्हणाली आणि कप विसळायला उठली. तेच जास्त लागलं.

भोपाळच्या बऱ्याच मराठी घरांत अशी एखादी ट्रंक असते, आणि त्याला कारण आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला. तोवर नागपूर राजधानी होती. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि राजधानी भोपाळला आली. सचिवालयातल्या कित्येक कुटुंबांनी नागपूरहून बाडबिस्तरा उचलला. काही ग्वाल्हेर-इंदूरकडून आली, कारण मध्य भारतही याच राज्यात विलीन झाला होता. या लोकांसाठी जी वस्ती उभी राहिली तिचं नाव तात्या टोपे नगर. आपण रोज टी. टी. नगर म्हणतो आणि नाव एका मराठी माणसाचं आहे हे विसरतो. आता स्मार्ट सिटीसाठी तिथली जुनी क्वार्टर्स पाडली गेली आहेत. ट्रंका मात्र कोलार रोड, अरेरा कॉलनी, कटारा हिल्सच्या फ्लॅटमध्ये, न उघडता, आपल्याबरोबर फिरताहेत.

घर आवरण्याबद्दल जगभर वाचली जाते ती जपानची मारी कोंडो. तिचं म्हणणं, वस्तू हातात घ्या, आनंद वाटला तर ठेवा, नाहीतर तिचे आभार मानून निरोप द्या. कपड्यांपासून सुरुवात, मग पुस्तकं, मग कागद, आणि आठवणींच्या वस्तू अगदी शेवटी. हा क्रम मला पटतो. मी नेमका तोच मोडला. पण आमच्यासारख्या घरात एक अडचण उरतेच: ज्याच्या हातात वस्तू आहे, ती वस्तू त्याची नसते. 'स्त्री'चा अंक हातात घेऊन मला काय वाटणार? मला तर मराठी सलग वाचायलाही वेळ लागतो.

म्हणून संक्रांतीनंतर दुसरी फेरी केली ती आजीला माळ्याखाली खुर्ची देऊन. एका वेळी एकच पेटी, रोज तासभर, फोन रेकॉर्डिंगवर. आणि मजा अशी की आम्ही जे जपून ठेवलं होतं ते तिलाच नको होतं. तांब्याचा बंब बाबांना 'वारसा' वाटायचा. आजी म्हणाली, "विका तो. राख काढता काढता माझी कंबर गेली." पैठणी तिने लगेच माझ्या बहिणीला दिली. ठेवायला सांगितलं ते एक किल्ली नसलेलं पितळी कुलूप: नागपुरातल्या महालातल्या घराचं, निघताना दाराला लावलेलं. मी ते पहिल्याच फेरीत मोडीत देणार होतो, फक्त हाताला लागलं नाही म्हणून वाचलं.

बाकीच्या सामानाला वाटा होत्या. चांगले कपडे, डबे, स्वेटर आम्ही 'आनंदम्'ला दिले. राज्याच्या आनंद विभागाने जानेवारी २०१७ मध्ये सुरू केलेली ही सोय आहे: जास्तीचं ठेवून जायचं, गरज असलेल्याने न विचारता घेऊन जायचं. फाटकं, विटलेलं तिथे नेऊ नका. दान आणि कचरा यांत फरक असतो. जुने मोबाईल, चार्जर, दोन मेलेले लॅपटॉप ई-कचऱ्यात गेले. इथे माझ्या धंद्यातलं एक सांगतो: हार्ड डिस्क नुसती 'क्विक फॉरमॅट' केली तर फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, पानं तशीच राहतात. पूर्ण डिस्कवर नवा डेटा लिहा, किंवा सरळ ड्रिलने भोकं पाडा.

जुन्या नियतकालिकांसाठी तर भोपाळमध्ये खास जागा आहे, आणि मला ती उशिरा आठवली. माधवराव सप्रे समाचारपत्र संग्रहालय १९८४ मध्ये विजयदत्त श्रीधर यांनी सुरू केलं. ज्यांचं नाव त्याला आहे ते सप्रे मराठी घरातले, हिंदी पत्रकारितेतले मोठे नाव; टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत त्यांनीच आणलं. तुमच्या माळ्यावर जुनी वर्तमानपत्रं, मासिकं असतील तर रद्दीवाल्याआधी तिथे विचारा.

आमच्याकडे आता एकच बाड उरलं आहे, पणजोबांच्या काळातलं, सगळं मोडीत लिहिलेलं. आजीलाही वाचता येत नाही. पानांना कसर लागली होती, म्हणून आधी सगळ्यांचे फोटो काढून ठेवले. भोपाळमध्ये मोडी वाचणारं कुणी तुमच्या ओळखीचं असेल तर मंडळाच्या ग्रुपवर कळवा. आजी रोज विचारते.