पायाची चोळण आणि तळव्याचा नकाशा

दरसाल आषाढी एकादशीच्या आधी शेगावची गजानन महाराजांची पालखी आपल्या बीड जिल्ह्यातून, परळी-अंबाजोगाईवरून पंढरपूरला जाते. ही महिनाभराची पायी वाट आहे. मुक्कामाच्या गावी थकलेला वारकरी ओसरीवर टेकतो. घरधनी कोमट तेल आणतो आणि त्याचे पाय मांडीवर घेतो. वारकरी संकोचतो. "राहू द्या माउली," म्हणतो. पण चार-दोन वेळा तळव्यावरून अंगठा फिरला, की त्याचे डोळे आपोआप मिटतात.

हे सुख आपल्याला नवे नाही. नातवाने आज्याचे पाय चेपायचे, लेकीने आईच्या भेगांत तेल जिरवायचे, हे घरोघर चालते. वाग्भट नावाचे जुने वैद्य होऊन गेले. त्यांच्या अष्टांगहृदय या ग्रंथात अंगाला रोज तेल लावावे, आणि डोके, कान व पाय यांना विशेष करून लावावे, असे सांगितले आहे.

तळव्याला तेल का लागते? आपल्या बहुतेक कातडीत तेल पाझरणाऱ्या बारीक गाठी असतात. तळव्यात त्या नसतात. घामाच्या गाठी मात्र पुष्कळ असतात. म्हणून तळवा घामेजतो, पण तेलकट होत नाही. मातीत, उन्हात तो कोरडा पडतो आणि भेगाळतो. बाहेरून तेल दिले की कातडी मऊ राहते. शिवाय एका पावलात 26 हाडे आहेत. त्यांना बांधणारे स्नायू दिवसभर आखडतात. चोळल्याने ते सैल पडतात, शिणवटा उतरतो, झोप लागते. एवढा गुण चोळण्यात आहे, आणि तो काही थोडा नाही.

काशाच्या वाटीचेही असेच. कासे म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्र धातू. (कासार हे नाव या काशावरूनच आले, पण आता बहुतेक कासार बांगड्याच विकतात!) तूप लावून तळव्यावर ही वाटी घासली की गार वाटते. थोड्या वेळाने तळवा काळा होतो. मग म्हणतात, "बघा, अंगातली उष्णता कशी बाहेर पडली!" तसे नाही. वाटीचा धातू तुपाने आणि घामाने किंचित झिजतो, त्याचा तो काळेपणा. ज्याला काहीच होत नाही अशा तरण्या पोराचा तळवा घासून पाहा. तोही काळा होईल. वाटी खुशाल फिरवा. पण काळे निघाले म्हणजे रोग निघाला, असे समजू नका.

आता शहरात तळवे दाबण्याला मोठे नाव मिळाले आहे. त्याला रिफ्लेक्सॉलॉजी म्हणतात. काही जण अॅक्युप्रेशरही म्हणतात. तिथे भिंतीवर तळव्याचा रंगीत नकाशा असतो. अंगठ्यात डोके, मधल्या भागात पोट आणि मूत्रपिंड, टाचेकडे आतडी. ज्या जागी दुखते, तो अवयव बिघडला आहे असे सांगतात. ती जागा दाबली की अवयव सुधारतो म्हणतात.

पुष्कळांना वाटते की ही आपल्या ऋषिमुनींची विद्या आहे. पण आज भिंतीवर दिसतो तो नकाशा अमेरिकेतून आला. तिथले कान-नाक-घशाचे डॉक्टर विल्यम फिट्झगेराल्ड यांनी शरीराचे उभे दहा पट्टे कल्पिले, आणि 1917 साली त्यावर पुस्तक काढले. पुढे युनिस इंगहॅम या बाईंनी 1930 नंतरच्या काळात सगळे अवयव तळव्यावर मांडले. गंमत अशी की निरनिराळ्या लोकांचे नकाशे एकमेकांशी जुळत नाहीत. गावाच्या दोन नकाशांत विहीर दोन ठिकाणी दाखवली, तर पाणी कुठे शोधायचे?

या उपचाराच्या चाचण्याही झाल्या. 2009 साली इंग्लंडातील डॉक्टर एडझार्ड अर्न्स्ट यांनी अशा 18 चाचण्या एकत्र तपासल्या. त्याने एखादा रोग बरा होतो, असा खात्रीचा पुरावा त्यांना मिळाला नाही.

याचे कारण समजायला सोपे आहे. तळव्यात बारीक तंतू असतात. त्यांना मज्जातंतू म्हणतात. काटा बोचल्याची खबर ते नेतात. ते टाचेजवळून पोटरीत, मांडीत, तिथून कमरेच्या मणक्यात जातात, आणि खबर पुढे मेंदूला पोचते. तळव्यातून थेट मूत्रपिंडाकडे जाणारा असा खास तंतू नाही. हां, दूरच्या दुखण्याची खूण पायावर दिसते हे खरे. कमरेत तंतू दाबला गेला तर पायाला मुंग्या येतात. हृदय किंवा मूत्रपिंड बिघडले, अंगात रक्त कमी झाले, तर दोन्ही पाय सुजतात. पण सांगावा घेऊन आलेल्या गड्याचे पाय चेपले म्हणून घरचे दुखणे उतरत नाही.

आणि इथेच घात होतो. आपल्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळी झाली की हजारो जोड्या ऊसतोडीला जातात. पहाटे ओल्या फडात उभे राहायचे, पाचटातून चालायचे, डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरायची. उसाचा बुडखा पायात घुसतो. समजा, असाच एक गडी आहे. त्याला साखरेचा रोग, म्हणजे मधुमेह आहे, पण कधी तपासलेला नाही. महिना झाला, तळवे बधिर झाले आहेत. बायको रोज रात्री कोपीत तेल चोळते. बुडखा लागला तरी त्याला कळत नाही. दुखत नाही म्हणून खाडा होत नाही. खाडा नाही म्हणून दवाखाना नाही. जखम आतून चिघळते, पू होतो, बोट काळे पडते. शेवटी बोट, कधी पाऊलही, कापावे लागते.

म्हणून बधिर पाय चोळत बसू नका. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तातली साखर तपासा. अंगावर फिकट, न कळणारा चट्टा असेल तर तोही दाखवा. कुष्ठरोगानेही पाय बधिर होतो, आणि त्याची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. जखम चिघळली असेल तर बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय गाठा. जत्रेत टोचऱ्या टोकांच्या चपला मिळतात. त्या बधिर पायात कधीही घालू नका. त्या टोचून जखम करतील आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

आणखी दोन वेळा चोळू नये. एकच पाय एकाएकी सुजला, गरम झाला, पोटरी ठणकू लागली, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आणि जीव जातो. दुसरे, पोटुशी बाई. तिचे पाय सुजले, डोके दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर "चोळून देते" म्हणणाऱ्या मावशीला थांबवा. त्याच दिवशी रक्तदाब तपासून घ्या.

ज्याच्या पायाला यातले काही नाही, त्याने चोळून जरूर घ्यावे. आधी पाय धुवा. तळवा उजेडात धरून नीट पाहा. स्वतःचा दिसत नसेल तर खाली आरसा धरा. तीळ, करडी, घरात असेल ते तेल कोमट करा. टाचेपासून बोटांकडे अंगठ्याने हळू दाबत जा. "दुखतंय तिथंच जोरात दाबा" असे कोणी म्हटले तर ऐकू नका. बोटांच्या बेचक्यांत तेल ठेवू नका, तिथे ओल राहून कातडी कुजते. झाल्यावर तळवे कोरड्या फडक्याने पुसून घ्या. तेलकट पायाने म्हातारे माणूस फरशीवरून घसरते.