उजवे हृदय, डावे हृदय

आपल्या परळच्या के. ई. एम. रुग्णालयात फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. पी. के. सेन यांनी भारतातील पहिले मानवी हृदयरोपण केले. दक्षिण आफ्रिकेत डॉ. बर्नार्ड यांनी जगातले पहिले रोपण करून तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण मात्र काही तासांतच दगावला. का, ते कळण्यासाठी रक्ताचा मार्ग समजून घ्यावा लागतो.

हृदय एक दिसले तरी ते शेजारी शेजारी बसवलेले दोन पंप आहेत. अंगभर फिरून आलेले अशुद्ध रक्त महानीलांतून उजव्या कर्णिकेत येते व खाली उजव्या जवनिकेत उतरते. ही जवनिका ते फुप्फुसांकडे ढकलते. तेथे प्राणवायू घेऊन रक्त डाव्या कर्णिकेत परतते आणि डावी जवनिका ते महारोहिणीतून साऱ्या शरीराला पाठवते. मधल्या झडपा त्याला माघारी फिरू देत नाहीत. (विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे : रोहिणी म्हणजे हृदयापासून दूर नेणारी. 'शुद्ध रक्त नेणारी' असे पाठ केले, तर फुप्फुसाच्या रोहिणीपाशी गुण जातात.)

फुप्फुसे जवळच, म्हणून उजव्या जवनिकेची भिंत पातळ, डावीची जाड. त्या रुग्णाच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा विरोध फार वाढलेला होता. नव्या हृदयाच्या उजव्या बाजूला तो भार पेलला नाही.

एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडते. मिनिटाला ७० ठोके धरले तर हिशेब पाच लिटरच्या आसपास जातो. अंगातले एकूण रक्तही साधारण तेवढेच!

पण पोटात एवढे रक्त असून हृदयाचा स्नायू त्यावर जगत नाही. कॅशियरच्या हातून दिवसभर लाखो रुपये जातात, त्यातली एक नोट त्याची नसते. पगार त्याच्या खात्यात वेगळा यावा लागतो. तसे हृदयाला रक्त देणाऱ्या दोन बारीक रोहिण्या महारोहिणीच्या मुळाशी फुटतात. त्यांतली एखादी तुंबली की पुढचा स्नायू मरू लागतो. हाच हृदयविकाराचा झटका.

चाळीत रात्री छातीत दुखले की 'गॅस झाला' म्हणून ओवा देतात, सोडा आणतात, सकाळ होऊ देतात. माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही हेच केले. छातीवर दाब, दरदरून घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर लगेच १०८ ला फोन करावा. मधुमेहींना व स्त्रियांना कधी नुसताच दम लागतो, मळमळते. रुग्णाला जिना चालत उतरवू नये. खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणावे.