कॅट नोव्हेंबरात, तयारी तहसील कचेरीत

ऑगस्टमध्ये तहसील कचेरीच्या आवारातल्या सेतू केंद्रापुढे जी रांग लागते, तिच्यात अलीकडे दोन-चार पदवीधर मुलंही दिसतात. एका हातात प्लॅस्टिकची फाईल, दुसऱ्या हातात मोबाइल आणि मोबाइलवर 'कॅट' या एमबीए प्रवेश परीक्षेचा अर्धवट भरलेला अर्ज. गेल्या वर्षीचा नॉन-क्रिमीलेअर दाखला चालत नाही, चालू आर्थिक वर्षात काढलेला लागतो आणि तोही केंद्राच्या नमुन्यात, हे त्यांना दाखला अपलोड करायच्या पानावर पोचल्यावर कळलेलं असतं. तोवर क्लासला वर्षभराची फी भरून झालेली असते आणि पंचवीस-तीस मॉक टेस्टही देऊन झालेल्या असतात.

बिझनेस स्कूलची तयारी म्हणजे प्रवेश परीक्षेचा अभ्यास, हा सगळ्यात खोलवर रुजलेला गैरसमज. परीक्षा हा त्या तयारीचा एक भाग झाला. आयआयएमची कॅट बहुधा नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होते, पण अर्ज ऑगस्टमध्ये सुरू होऊन सप्टेंबरमध्ये बंद होतात. निकाल डिसेंबर-जानेवारीत लागतो, त्यानंतर मार्च-एप्रिलपर्यंत मुलाखती चालतात आणि वर्ग जून-जुलैत भरतात. म्हणजे पदवीनंतर लगेच प्रवेश हवा असेल, तर शेवटच्या वर्षाच्या पहिल्या सत्रातच अर्ज गेलेला असायला हवा.

'आधी पदवी हातात येऊ दे, मग बघू,' असं घरोघरी म्हटलं जातं. त्यात एक वर्ष नाहक जातं. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी कॅटला बसू शकतात. पदवीला किमान 50 टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांसाठी ही अट 45 टक्क्यांची आहे. वयाची अट नाही, किती वेळा बसावं यालाही मर्यादा नाही. खरी अडचण पुढे येते. पदवीच्या सगळ्या परीक्षा आणि कामं 30 जूनपर्यंत पूर्ण झाल्याचं प्राचार्यांचं किंवा कुलसचिवांचं पत्र दाखवल्यावरच तात्पुरता प्रवेश मिळतो. आपल्याकडे विद्यापीठांच्या परीक्षा आणि निकाल किती लांबतात, हे वेगळं सांगायला नको. एखादा विषय राहिला असेल, तर तो कोणत्या सत्रात सुटणार याचा हिशोब आधीच करून ठेवावा लागतो.

अनुभवाचा मुद्दा जरा सविस्तर पाहायला हवा, कारण इथे दोन्ही बाजूंनी गोंधळ आहे. 'नोकरीशिवाय एमबीएला घेतच नाहीत,' असं एक जण सांगतो. 'अनुभवाचा काही उपयोग नाही,' असं दुसरा. एमबीए या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या वाटा आहेत. आयआयएमच्या दोन वर्षांच्या मुख्य अभ्यासक्रमाला अनुभवाची अटच नाही, दरवर्षी कोरे पदवीधर तिथे मोठ्या संख्येने जातात. काही संस्था अनुभवाला थोडे गुण देतात, एवढंच. याउलट अमेरिकेतल्या नामांकित शाळा मुळात काही वर्षं काम केलेल्यांसाठी आहेत. पण तिथेही ताज्या पदवीधराला दार बंद नाही. हार्वर्डच्या 'टू प्लस टू' योजनेत शेवटच्या वर्षातच अर्ज करता येतो. निवड झाली, तर आधी किमान दोन वर्षं नोकरी आणि मग वर्ग. स्टॅनफर्डलाही अशी सोय आहे. शिवाय परदेशी शाळा घेतात त्या जीमॅट परीक्षेचा स्कोअर पाच वर्षं चालतो, कॅटचा मात्र त्या एका प्रवेश फेरीपुरताच. त्यामुळे चार वर्षांनी परदेशी जायचं मनात असेल, तर अभ्यासाची सवय ताजी आहे तोवर जीमॅट देऊन ठेवणं शहाणपणाचं ठरतं. कॅटच्या बाबतीत असं साठवून ठेवणं जमत नाही.

पर्सेंटाइल या शब्दाने तर कितीतरी मुलांचा धीर खचवला आहे. 99 पर्सेंटाइल म्हणजे 99 टक्के गुण नव्हेत. परीक्षा दिलेल्या शंभरांपैकी नव्व्याण्णव जण तुमच्या मागे, असा त्याचा अर्थ. 2023 च्या कॅटमध्ये 66 प्रश्न, 198 गुण होते आणि त्यातले निम्मेही गुण न मिळवता 99 पर्सेंटाइल गाठता आलं. तीन विभागांना प्रत्येकी चाळीस मिनिटं, बरोबर उत्तराला तीन गुण आणि बहुपर्यायी प्रश्न चुकला तर एक गुण वजा. अशा परीक्षेत कुठला प्रश्न सोडायचा हे ज्याला कळतं, तो पुढे जातो. कला शाखेच्या मुलीला गणिताची धास्ती वाटणं स्वाभाविक आहे, पण त्या गणिताचा पाया शाळेतलाच असतो: टक्केवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग, बीजगणित, भूमिती.

आता सगळ्यात बोचणारी गोष्ट. उत्तम पर्सेंटाइल असूनही मुलाखतीचं बोलावणं येत नाही, असं घडतं. मुलाखतीची यादी करताना अनेक आयआयएम दहावी, बारावी आणि पदवीचे गुण मोजतात. दहावीची गुणपत्रिका आता बदलता येत नाही. म्हणून अर्जाच्या आधी प्रत्येक संस्थेचं प्रवेश धोरण वाचायला हवं. ते संस्थेच्या संकेतस्थळावर असतं आणि कुठल्या घटकाला किती वजन आहे, हे त्यात लिहिलेलं असतं. आपले गुण कुठे तग धरतील, हे त्यावरून कळतं.

'कॅट दिली की सगळीकडे चालते,' हेही अर्धसत्य. एक्सएलआरआयसाठी जानेवारीत होणारी झॅट लागते, सिंबायोसिससाठी स्नॅप. दिल्लीचं एफएमएस आणि मुंबईचं एसपीजेआयएमआर कॅटचा स्कोअर घेतात, पण त्यांचा अर्ज वेगळा असतो आणि कॅटच्या निकालाची वाट पाहत बसलं तर त्याची मुदत हुकते. महाराष्ट्रातल्या मुलांसाठी राज्याची एमबीए सीईटी ही स्वतंत्र आणि भक्कम वाट आहे: 150 मिनिटांत 200 प्रश्न, चुकीला वजाबाकी नाही. मुंबई विद्यापीठाची 1965 साली स्थापन झालेली जमनालाल बजाज संस्था याच वाटेवर आहे. अर्थात तिथल्या जागांसाठी अगदी शेंड्यावरचं पर्सेंटाइल लागतं.

पुन्हा दाखल्यांकडे यायला हवं, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथेच होतं. राज्याचे आणि केंद्राचे प्रवर्ग एकसारखे नाहीत. राज्याने मराठा समाजाला दिलेलं एसईबीसी आरक्षण आयआयएममध्ये लागू होत नाही. भटक्या-विमुक्तांचा स्वतंत्र प्रवर्गही केंद्रात नाही. त्यांच्यापैकी ज्या जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, त्यांना त्या प्रवर्गातून अर्ज करता येतो. म्हणून केंद्राच्या यादीत आपली जात कशी नोंदली आहे, हे स्वतः तपासावं. दुसरीकडे राज्याच्या सीईटीतून राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा, तर जात पडताळणीचं प्रमाणपत्र लागतं. इंजिनिअरिंगला राखीव जागेवर गेलेल्या मुलांनी ते बारावीनंतरच काढलेलं असतं. बीए-बीकॉम करणाऱ्यांवर मात्र तशी वेळ आलेली नसते आणि समितीकडून ते मिळायला महिनोन् महिने लागू शकतात. हे काम दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीतच हातात घ्यावं.

आणखी एक छोटा कागद बऱ्याचदा विसरला जातो. गुणपत्रिकेवर सीजीपीए असेल, तर त्याची टक्केवारी विद्यापीठाने ठरवलेल्या सूत्रानेच काढावी लागते. ते सूत्र काही गुणपत्रिकांच्या मागे छापलेलं असतं, काही ठिकाणी त्यासाठी परीक्षा विभागाकडे अर्ज द्यावा लागतो. त्या विभागाच्या खिडकीवर गर्दी नसते ती जुलैत, परीक्षा अर्जांची धांदल सुरू होण्याआधी. मूळ प्रमाणपत्रं, दोन साक्षांकित संच आणि शिक्क्यासाठी एक जादा प्रत घेऊन सकाळी अकराच्या आत गेलं, तर बहुधा दुसरी खेप पडत नाही.