कोडाच्या डागावर कातडीचे कलम



आंब्याच्या कोयीवर हापूसची काडी बांधली की कलम होते, गावठी बोरीच्या खुंटावर डोळा भरला की उमराणची टपोरी बोरे लागतात, हे आपल्याकडच्या पोरासोरांनाही ठाऊक असते. पण माणसाच्या कातडीचेही असेच कलम करता येते आणि कोडाच्या पांढऱ्या डागात पुन्हा रंग भरता येतो, हे खेड्यापाड्यांत अजून फारसे कोणाला माहीत नाही. पीक मेळाव्यात बियाण्याचे, खताचे प्रश्न संपले की कोणी तरी बाजूला घेऊन हळू आवाजात विचारतोच, "साहेब, पोरीच्या पायावर पांढरा डाग आलाय. कुठं औषध मिळंल का?" मी शेतकीचा पदवीधर, डॉक्टर नव्हे. म्हणून चर्मरोगाच्या जाणकारांकडून हा विषय समजावून घेतला आणि तो आपल्या भाषेत येथे मांडत आहे.

कोड म्हणजे काय?

कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्यांना आपण रंगपेशी म्हणू. गोऱ्या माणसात आणि सावळ्या माणसात या पेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक असतो तो त्या किती रंग तयार करतात यात. शरीरात रोगाशी लढणारी जी शक्ती आहे ती कधी कधी चुकते आणि आपल्याच रंगपेशींवर उठते. राखणीच्या कुत्र्याने घरच्याच कोंबड्या माराव्यात, तसा हा प्रकार. जेथे रंगपेशी नष्ट होतात तेथे कातडी दुधासारखी पांढरी दिसते. तेच कोड.

दर २०० माणसांमागे साधारण एक-दोघांना कोड असते. ते शिवल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा एकमेकांचे कपडे वापरल्याने लागत नाही. मासे खाऊन वर दूध प्यायल्याने कोड होते, या समजुतीला आधार नाही. मागच्या जन्मीचे पाप तर मुळीच नाही. काही घराण्यांत हा रोग होण्याचा कल असतो हे खरे, पण कोड असलेल्या आई-बापांच्या बहुतेक मुलांना कोड होत नाही.

आधी डाग ओळखावा

पानावर पिवळा ठिपका दिसला की आपण लगेच फवारा मारत नाही. तो बुरशीचा, किडीचा की खताच्या कमतरतेचा हे आधी बघतो. कातडीवरचा प्रत्येक पांढरा डागही कोडाचा नसतो.

छाती-पाठीवर येणारे शिबे बुरशीमुळे होतात व साध्या औषधाने जातात. कुष्ठरोगाचा चट्टा कोडासारखा दुधाळ नसतो, तो फिकट किंवा लालसर असतो आणि बहुतेक वेळा तेथली संवेदना कमी झालेली असते. डोळे मिटून कापसाची वात फिरवली तर कळत नाही. कोडाच्या डागावर मात्र स्पर्श पूर्ण कळतो. कोडाला काही जण 'श्वेतकुष्ठ' म्हणतात. त्या नावाने फार घोटाळा केला आहे, कारण कोडाचा आणि कुष्ठरोगाचा काडीचाही संबंध नाही. कुष्ठरोगही आज औषधाने पूर्ण बरा होतो आणि ते औषध सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते. तेव्हा बधिर चट्टा दिसला तर लपवू नये.

भगिनींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कपाळावर नेमका टिकलीच्या जागी पांढरा डाग पडला, तर तो टिकलीच्या चिकट डिंकातील रसायनाने पडलेला असू शकतो. अशा वेळी चिकट टिकली ताबडतोब बंद करावी. रबरी चपलेच्या पट्ट्याखालीही असे डाग पडलेले आढळतात.

पहिला उपाय औषधांचा

कोड दिसले की लगेच शस्त्रक्रिया, असे नसते. आधी डाग पसरणे थांबवायचे असते. त्यासाठी पोटातून आणि वरून लावण्याची औषधे देतात. जोडीला प्रकाश-उपचार करतात. आपल्या रानात जांभळट फुलांची, काळ्या बियांची बावची उगवते. तिच्या बियांत सोरालेन नावाचे द्रव्य असते. ते कातडीला लावून ऊन दिले की रंग येण्यास मदत होते, हे आपल्या जुन्या वैद्यांना माहीत होते. इजिप्तमध्ये तशाच गुणाच्या एका रानवनस्पतीवर डॉ. एल-मोफ्ती यांनी काम केले आणि १९४८ साली ते प्रसिद्ध केले. आज दवाखान्यात बहुधा विशिष्ट किरणांच्या दिव्याखाली आठवड्यातून दोन-तीन वेळा, काही महिने उपचार देतात. घरच्या घरी बावचीचे तेल लावून दुपारच्या उन्हात बसू नये. कातडी भाजून फोड येतात.

येथे एक मर्म आहे. औषधाने डागात रंग कोठून येतो? केसांच्या मुळाशी काही रंगपेशी शिल्लक असतात. जणू पेवात जपलेले बियाणे. औषध आणि प्रकाश मिळाला की त्या वर येतात आणि केसाभोवती तपकिरी ठिपके दिसू लागतात, उगवणीचे कोंब दिसावेत तसे. पण डागातले केसही पांढरे झाले असतील, किंवा ओठ व बोटांची टोके यांसारख्या जागी मुळात केसच नसतील, तर तेथे पाणी घालून काय उगवणार? बीच शिल्लक नाही. अशा रानात दुसरीकडून रोप आणून लावावे लागते. कातडीचे कलम ते हेच.

आपल्या पुण्याचे जुने उदाहरण

हे शास्त्र परके नाही. कातडीचा तुकडा वळवून कापलेले नाक नवे करण्याची रीत सुश्रुताच्या ग्रंथात आहे. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकण्याचे काम करीत होता. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीच्या एका कारागिराने त्याच्या कपाळावरची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. ही हकिगत १७९४ साली लंडनच्या एका मासिकात छापून आली, आणि तिच्या आधाराने १८१४ मध्ये डॉ. कार्प्यू यांनी तेथे तशी शस्त्रक्रिया केली.

बागाईतदारांनी ओळखले असेल, ते भेट कलम होते. कपाळाची कातडी नव्या जागी जीव धरीपर्यंत जुन्या जागेला जोडलेलीच ठेवली होती. कोडाच्या कलमात मात्र कातडी सुटी करून लावतात, डोळा भरल्यासारखी. आपल्या देशात दिल्लीचे डॉ. बहल यांनी पातळ कातडीच्या कलमाने कोडावर केलेल्या उपचारांचे काम १९६४ मध्येच प्रसिद्ध केले होते.

कलमाच्या पद्धती

सर्व पद्धतींत कातडी रोग्याच्याच अंगावरची घेतात. येथे झाडात आणि माणसात फरक आहे. गावठी खुंट परक्या जातीची काडी स्वीकारतो, पण माणसाचे शरीर दुसऱ्याची कातडी टाकून देते. मांडी किंवा कुल्ला अशा झाकलेल्या जागेची कातडी घेतात. बहुधा तेवढीच जागा बधिर करून काम होते आणि रोगी त्याच दिवशी घरी जाऊ शकतो.

पहिली पद्धत ठिपके लावण्याची. ज्वारीच्या दाण्याहूनही लहान, एक-दीड मिलिमीटर रुंदीचे कातडीचे गोल तुकडे काढतात. डागात तशीच भोके पाडून त्यांत ते अंतरा-अंतराने बसवतात. भाताच्या चुडाला फुटवे फुटून मोकळी जागा भरते, तसा प्रत्येक तुकड्याभोवती रंग पसरत जातो. पद्धत सोपी व कमी खर्चाची आहे. पण कधी कधी जागा थोडी खडबडीत राहते.

दुसरी पद्धत फोडाची. मांडीवर हवेच्या ओढीने, म्हणजे निर्वाताने, मुद्दाम पाण्याचे फोड आणतात. त्यांचे पातळ छत कापून घेतात आणि डागाचा वरचा थर खरवडून त्यावर बसवतात. ओठ, पापणी अशा नाजूक जागी ही पद्धत चांगली, कारण कातडी सपाट दिसते.

तिसरीत पापुद्र्यासारखा पातळ, मोठा तुकडा काढून डागावर अंथरतात.

चौथी रोपवाटिकेची. लहानसा पापुद्रा काढून, त्यातील पेशी औषधाने सुट्या करून त्यांचा द्राव बनवतात आणि खरवडलेल्या डागावर पसरतात. एक हेक्टर भातलावणीला १० गुंठ्यांची रोपवाटिका पुरते, हे आपल्याला माहीत आहे. येथेही जवळजवळ तेच प्रमाण आहे. घेतलेल्या कातडीच्या सुमारे दहापट डाग झाकता येतो. यासाठी साहित्य व प्रयोगशाळेची सोय लागते, म्हणून खर्च अधिक.

कलम केव्हा करावे?

मर रोग पसरत असलेल्या वाफ्यात आपण नवी रोपे लावत नाही. लावली तर तीही मरतात. कोड वाढत असताना कलम केले तर नव्या रंगपेशींचीही तीच गत होते. म्हणून निदान एक वर्षभर एकही नवा डाग आलेला नसावा आणि जुना वाढलेला नसावा, ही मुख्य अट आहे. शंका असल्यास डॉक्टर आधी चार-पाच तुकडे लावून काही आठवडे वाट पाहतात. रंग पसरला तरच पुढे जातात.

ज्यांची जखम भरताना गाठीसारखा जाड व्रण होतो, त्यांच्यासाठी हा उपाय सहसा टाळतात. अगदी लहान मुलांवरही शक्यतो करीत नाहीत. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखा येऊन थांबलेला डाग असेल तर यश सर्वांत चांगले येते. बोटांची टोके व सांधे येथे कमी येते.

कलम बांधल्यावर काडी हलली की गेली. तसेच येथे आहे. साधारण आठवडाभर पट्टी भिजवू नये, जागा हलवू नये. गुडघ्याजवळ कलम असेल तर खुरपणीला बसता येणार नाही, घोट्यावर असेल तर चिखलात उतरता येणार नाही. म्हणून पेरणी, लावणी, सुगी यांचे दिवस टाळूनच तारीख घ्यावी. पट्टी निघाल्यावर लगेच रंग दिसत नाही. तो हळूहळू येतो, पुरता मिळायला सहा महिने ते वर्ष लागू शकते. पुष्कळदा प्रकाश-उपचार पुढे चालू ठेवावे लागतात. आलेला रंग थोडा गडद किंवा फिका असू शकतो. आणि कलम लावले त्या जागेला रंग येतो, मूळ रोग त्याने जात नाही, हेही आधीच समजून घ्यावे. दुसरीकडे नवा डाग येऊ शकतो.

यापासून सावध राहा

एका गावची गोष्ट सांगतो. मुलीचे लग्न ठरण्याआधी डाग जावा म्हणून बापाने दुभती म्हैस विकली आणि 'खात्रीचा इलाज' करणाऱ्या फिरत्या माणसाला पैसे दिले. त्याने डागावर बिब्ब्याचे तेल लावले. कातडी उतली, पाणी सुटले, महिनाभर पोर अंथरुणाला होती. जखम भरली तेव्हा रुपयाएवढा डाग तळहाताएवढा झाला होता. याचे कारण असे की, वाढत्या कोडात जेथे कातडीला इजा होते तेथे नवा डाग उठतो. म्हणून बिब्बा, ॲसिड, डाग देणे हे प्रकार चुकूनही करू नयेत. परकराची नाडी काचेल इतकी आवळू नये, डाग नखाने खाजवू नये.

दुकानातून ट्यूब आणून मनाने लावू नये. नायट्यासाठी किंवा गोरे होण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक मलमांत कडक स्टिरॉइड असते. त्याने कातडी पातळ पडते, तोंडावर लाली व केस येतात आणि नायटा दबून आत पसरतो. डॉक्टरने मोजून दिलेल्या दिवसांपुरतेच असे मलम वापरावे.

डॉक्टरही पारखून घ्यावा. एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.व्ही.डी. अशी चर्मरोगाची पदवी पाहावी. कलम तो स्वतः करतो का, कोणत्या पद्धतीने, एकूण खर्च किती, किती रंग येण्याची आशा आहे, हे चार प्रश्न आधी विचारावेत. "शंभर टक्के खात्री" म्हणणाऱ्याच्या पायऱ्या चढू नयेत. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चर्मरोग विभाग असतो. तेथे कमी खर्चात तपासणी होते आणि कलम कोठे होईल तेही कळते. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन जावे.

शेवटी दोन शब्द

कोडाने माणूस मरत नाही, अंग दुखत नाही, कामाची ताकद कमी होत नाही. तरी ठरलेली लग्ने मोडतात, सुना माहेरी धाडल्या जातात, शाळेतली पोरे बाकावर जवळ बसू देत नाहीत. हे दुःख रोगाने दिलेले नाही, आपण दिलेले आहे. त्यावर कोणत्याही डॉक्टरजवळ कलम नाही. घरात कोणाला डाग असेल तर तो पदराखाली झाकून वर्षे घालवू नयेत, कारण लवकर औषध सुरू केले तर कलमाची गरजही पडणार नाही असे पुष्कळ रोगी असतात. सोयरीक जुळवताना समोरच्यांना उघड सांगावे. आणि आपल्या दारी असे स्थळ आले, तर मुलगी कामाला, स्वभावाला, शिक्षणाला कशी आहे ते पाहावे. शेताची किंमत आपण बांधावरच्या चार पांढऱ्या दगडांवरून करीत नाही. माणसाची तरी का करावी?