चिठ्ठी कुणाची, कुणाला?

२०१९ साली हाँगकाँगचे रस्ते निदर्शकांनी भरले, तेव्हा अनेकांच्या मोबाइलमध्ये ‘ब्रिजफाय’ होते. इंटरनेट बंद पडले तरी ब्लूटूथवरून या खिशातून त्या खिशात निरोप सरकायचा. वर्गात मागच्या बाकावरून पुढे चिठ्ठी जाते ना, अगदी तसाच! मनोऱ्याविना उभ्या राहणाऱ्या अशा बिनतारी जाळ्याला तंत्रज्ञ ‘अ‍ॅड हॉक’ म्हणतात. मात्र २०२० मध्ये इंग्लंडच्या रॉयल हॉलोवेतील संशोधकांनी दाखवून दिले, की यातले निरोप फोडता येतातच, शिवाय कोण कुणाशी बोलतो तेही कळते. पाळत ठेवणाऱ्याला मजकुरापेक्षा बहुधा ही यादीच अधिक मोलाची.

मजकुराला कुलूप घालणे त्या मानाने सोपे. वाट लपवणे कठीण, कारण पुढचा हात कोणता हे कुणाला तरी ठाऊक हवेच. १९९० च्या दशकातल्या ‘डायनॅमिक सोर्स रूटिंग’मध्ये तर वाटेवरच्या सगळ्यांचे पत्ते निरोपावरच ओळीने लिहिलेले असतात.

२००३ साली जिजुन काँग आणि शाओयान हाँग यांनी यावर तोड सुचवली. शोधाची हाक चहूकडे जाते. सोबत एक कुलूपबंद पेटी. प्रत्येकाने आपली किल्ली लावून पाहायची. ती उघडते एकाकडेच, पण कुणाकडे, हे शेजाऱ्याला कळत नाही. वाटेतला प्रत्येक जण हाकेवर आपले एक पाकीट चढवतो आणि उत्तर परतताना तेवढेच उतरवतो. पुढचे निरोप चालतात ते तात्पुरत्या टोपणनावांवर.

युक्ती सुरेख, पण फुकट नाही. दर हाकेला प्रत्येकाने किल्ली फिरवायची म्हणजे बॅटरी आणि वेळ खर्ची पडणार. माणसे चालती असल्याने वाट तुटते, की पुन्हा हाकाटी! शिवाय निरोप आत आला आणि लगेच बाहेर गेला, तर वेळेवरूनही माग निघतो. म्हणून तो थोडा रोखून, इतरांत मिसळून सोडायचा. डेव्हिड चॉम यांनी ही कल्पना १९८१ मध्येच मांडली होती.

निदर्शक दहा मिनिटे थांबेल. पुराच्या पाण्यात छतावर बसलेला कसा थांबेल? त्याला तर आपण कुठे आहोत हे ओरडून सांगायचे असते. मग ज्याला हवे त्याने लपावे, असे म्हणावे तर तेही फसवे. शंभरांत एकानेच तोंड झाकले, तर नजर त्याच्याकडेच जाते. धोका नसलेल्या नव्व्याण्णवांनीही पाकिटे वाहावी लागतात, स्वतःचे निरोप उशिरा पोचवून.